"डोस्कं थांबत नाही" : रजिस्टरमध्ये काय लिहायचं?

काल आमच्या तालुक्याच्या गावी जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा कार्यक्रम झाला. त्याची चार ओळींची बातमी आज आतल्या पानावर आली आहे, ती मीच दिली आहे. त्या चार ओळींत जे बसलं नाही ते इथं लिहितोय. पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

शहरातून आलेले डॉक्टर तळमळीनं बोलले. पडद्यावर डिप्रेशनची लक्षणं एकेक करून दाखवली. समोर बहुतेक आशाताई आणि अंगणवाडीच्या मदतनीस होत्या. शेवटी "काही शंका?" असं विचारल्यावर मागच्या रांगेतल्या एक आशाताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, तुमी सांगतलं ते समदं खरं हाय. पन आमच्या गावात 'मले उदास वाटते' असं कोनी म्हनतच नाही. बाया म्हनतात, डोस्कं थांबत नाही. मानसं तं काईच म्हनत नाहीत. मंग मी रजिस्टरमंदी काय लिवू?"

सभागृह हसलं. डॉक्टरही हसले, "चांगला प्रश्न आहे" म्हणाले आणि आभार प्रदर्शन सुरू झालं.

मला हसू आलं नाही. "डोस्कं थांबत नाही" हे वाक्य मी २००६ साली ऐकलं होतं. ऐकून ते बातमीत घेतलं नव्हतं.

तेव्हा मी पंचविशीत होतो. पत्रकारितेची पदविका नुकतीच हातात आली होती आणि एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी म्हणून फिरत होतो. वऱ्हाडात आत्महत्यांचं सत्र चालू होतं. पंतप्रधान येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. एका गावात मी गेलो, तिथे शेतकऱ्याच्या घरी चौथा दिवस होता. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी विचारलं कर्ज किती, बँकेचं की सावकाराचं, कपाशी किती पेरली होती. त्यांनी सगळं सांगितलं. मग आपणहून म्हणाल्या, "भाऊ, दोन मईने झाले, ते म्हनत होते का डोस्कं थांबत नाही. रातभर इचार, इचार. डॉक्टरकडे नेलं तं त्यानं सलाईन लावली अन् ताकदीच्या गोया देल्ल्या."

मी वहीत हे लिहून घेतलं. बातमीत मात्र ठरलेलं वाक्यच गेलं : "नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून". खोटं काहीच नव्हतं त्यात. कर्ज होतंच, नापिकी होतीच. पण त्या बाईनं सांगितलेले दोन महिने त्यात नव्हते. त्या दोन महिन्यांत कोणीतरी काहीतरी करू शकलं असतं, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. खेड्यातल्या शेतकऱ्याला पैशाचं दुःख असतं, मनाचा आजार शहरातल्या शिकलेल्यांना होतो, असंच डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

हे डोक्यात कुठून आलं याचा शोध मी पुढे बरीच वर्षं हाताला लागेल ते वाचून घेतला. तेव्हा कळलं की ही समजूत माझी एकट्याची नाही. तिला मोठा इतिहास आहे आणि तो मोठ्या मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेला आहे.

१९५३ साली जे. सी. कॅरोथर्स नावाच्या डॉक्टरांचं आफ्रिकी माणसाच्या मनाबद्दलचं पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेनं छापलं. हे गृहस्थ इंग्रजांच्या राज्यात केनियातल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. त्यांचं म्हणणं, आफ्रिकी लोकांमध्ये डिप्रेशन फार क्वचित दिसतं. का? तर म्हणे त्यांचा मेंदूच तसा चालतो, जबाबदारीचं ओझं त्यांना जाणवत नाही. तिकडे फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियात अँत्वान पोरो आणि त्यांचे शिष्य तिथल्या अरबांबद्दल असंच शिकवत होते. थोडक्यात काय, तर दुःख करायलाही लायकी लागते आणि ती गोऱ्या, शिकलेल्या माणसाकडेच असते!

आपल्याकडे तर इंग्रजांनी वेड्यांची इस्पितळंही वेगळी केली होती. रांचीला १९१८ साली युरोपियनांसाठी स्वतंत्र मनोरुग्णालय उघडलं. रोग एक, पण भिंत वेगळी.

त्याच काळात कलकत्त्यात एक माणूस वेगळं काहीतरी करत होता. डॉ. गिरींद्रशेखर बोस. परदेशी न जाता, फ्रॉइडला कधीही न भेटता त्यांनी मनोविश्लेषण आत्मसात केलं आणि १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. पण हा नुसता गुरूला नमस्कार नव्हता. बोसबाबूंनी फ्रॉइडला सरळ कळवलं की तुमच्या सिद्धांतात मुलाच्या मनातल्या ज्या भीतीवर एवढा भर आहे, ती माझ्या भारतीय रुग्णांत तेवढ्या ठळकपणे दिसत नाही. फ्रॉइड काही आपल्या जागेवरून हलले नाहीत. संस्थेनं त्यांच्या पंचाहत्तरीला हस्तिदंती विष्णूमूर्ती भेट पाठवली, ती मात्र त्यांनी आवडीनं ठेवून घेतली. मूर्ती घेतली, म्हणणं घेतलं नाही.

मला यातून एवढंच कळलं की उपचाराची पद्धत एका गावात तयार झालेली असते आणि रुग्ण दुसऱ्या गावचा असतो. मधलं अंतर कोणीतरी चालून जावं लागतं. प्रश्न असतो, चालायचं कोणी? डॉक्टरनं की रुग्णानं?

याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला अल्जीरियातच सापडलं. फ्रान्झ फॅनन हे नाव क्रांतीवरच्या पुस्तकांमुळे अनेकांना माहीत असेल. पण ते मुळात मनोविकारतज्ज्ञ. जन्म मार्तिनिक बेटावरचा, वर्णानं काळे, शिक्षण फ्रान्समधलं. १९५३ च्या नोव्हेंबरात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते अल्जीरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. त्यांच्याकडे दोन प्रकारचे रुग्ण होते : १६५ युरोपियन बायका आणि २२० मुसलमान पुरुष.

फॅनन फ्रान्समध्ये नवी पद्धत शिकून आले होते. रुग्णाला कोंडून ठेवायचं नाही. सगळ्यांनी मिळून बैठका घ्यायच्या, हस्तकला करायची, नाटक, गाणी, सण, रुग्णालयाचं छोटं वर्तमानपत्र काढायचं. माणूस माणसांत आला की सावरतो, हा विचार. युरोपियन बायकांच्या वॉर्डात हे झपाट्यानं चाललं. नाताळ साजरा झाला, बायका बोलू लागल्या.

पुरुषांच्या वॉर्डात मात्र सगळं पडलं. बैठकीला लोक येईनात, आले तर गप्प बसत. वर्तमानपत्राचा उपयोग नव्हता, कारण बहुतेकांना वाचता येत नव्हतं. टोपल्या-चटया विणायला दिल्या तर हात लावेनात, ते बायकांचं काम. फॅननना अरबी येत नव्हती, दुभाषा लागायचा. आणि त्या माणसांनी आयुष्यात दुभाषा कुठे पाहिलेला? कोर्टात आणि सरकारी कचेरीत. समोर फ्रेंच बोलणारा साहेब आणि मध्ये दुभाषा, असं दृश्य दिसल्यावर कोण मन मोकळं करील? आपल्याकडे तहसीलमध्ये साहेबांसमोर उभा राहिलेला म्हातारा आठवा, म्हणजे समजेल.

इथं कोणीही म्हटलं असतं की ही माणसंच तशी, यांना उपचाराचा फायदा नाही. पोरोंची शिकवण हाताशी तयारच होती. फॅनन आणि त्यांचे तरुण सहकारी जाक अझुले यांनी उलट केलं. १९५४ साली त्यांनी एक लेख छापला आणि त्यात आपली चूक कबूल केली. आपण एका समाजासाठी तयार झालेली चौकट दुसऱ्या समाजावर ठेवली, त्यांचं जगणं समजून घेण्याआधीच. मग त्यांनी वॉर्डात तिथल्या पद्धतीचं कॉफीघर उघडलं. मुसलमान सण पाळले, मुफ्तींना नमाजासाठी बोलावलं, गोष्टी सांगणारा आणला. शेतीची अवजारं हातात दिली. जे विणकामाला हात लावत नव्हते ते कुदळ घेऊन कामाला लागले. पुढे लढा पेटला, १९५६ च्या अखेरीस फॅनन यांनी राजीनामा दिला आणि त्यांना देशाबाहेर काढलं. पण तो लेख राहिला. एवढा हुशार माणूस "माझं चुकलं" असं छापून सांगतो, हे पत्रकार म्हणून मला फार लागलं.

नायजेरियात त्याच सुमारास डॉ. थॉमस लँबो यांनी दुसरी वाट काढली. १९५४ पासून आरो या ठिकाणी रुग्णांना इस्पितळाच्या खाटेवर न ठेवता आसपासच्या खेड्यांत ठेवलं, सोबत घरचं एक माणूस. दिवसा उपचार, संध्याकाळी गाव. तिथल्या पारंपरिक वैदूंनाही त्यांनी सोबत घेतलं. नंतर त्यांनी अमेरिकी संशोधकांबरोबर योरुबा खेड्यांची पाहणी केली. योरुबा भाषेत डिप्रेशनला नेमका एक शब्द नव्हता. पण झोप येते का, जेवण जातं का, कामात जीव लागतो का, असं एकेक विचारत गेल्यावर लोक भराभर सांगू लागले. म्हणजे "यांना डिप्रेशन होतच नाही" हे म्हणणं कशावर उभं होतं? तर विचारणाऱ्याला विचारता येत नव्हतं, यावर!

आपल्या देशातही असे लोक झाले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायला बोलावलं. आपल्याकडे माणूस एकटा आजारी पडत नाही, घर आजारी पडतं, हे त्यांनी ओळखलं होतं. डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली अमेरिकी नियतकालिकात गुरु-शिष्य नात्यावर लेख लिहिला. पाश्चात्त्य मानसोपचारात उपचार करणारा थोडा अंतर राखतो, सल्ला देत नाही. आपला माणूस मात्र समोरच्यात वडीलधारं माणूस शोधतो, "तुम्हीच सांगा आता" म्हणतो. नेकींचा मुद्दा असा की याला रुग्णाचा कमकुवतपणा समजू नका, ह्याच नात्यातून उपचार उभा राहू शकतो.

आता "डोस्कं थांबत नाही" कडे परत येतो.

१९९० च्या दशकात मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथं काम करत होते. तिथल्या शोना भाषेत लोक एक शब्द वापरत : कुफुंगिसिसा. अर्थ, फार विचार करणं. विचार थांबतच नाहीत असं होणं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. हजारो मैल दूर, वेगळा देश, वेगळा रंग, आणि वाक्य आमच्या वहिनींचं! पटेल आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या अशाच शब्दांतून १४ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. परदेशी यादीचं भाषांतर करण्यापेक्षा लोकांच्या तोंडून यादी उभी केली.

पुढे २००५ साली झिम्बाब्वे सरकारनं शहरांतल्या झोपड्या पाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं सात लाख लोकांचं घर किंवा रोजगार गेला. देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. त्यातले एक, डॉ. डिक्सन चिबांडा. पैसा नाही, जागा नाही, नर्सना वेळ नाही. हाताशी होत्या दवाखान्यात स्वयंसेवा करणाऱ्या १४ आज्या. २००६ साली त्यांनी या आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले. डॉक्टर आधी म्हणत होते "मानसिक आरोग्याचा बाक". आज्यांनी सांगितलं, या नावाच्या बाकावर कोणी बसणार नाही. त्यांनी शोना भाषेत नाव दिलं, साधारण अर्थ "विचारविनिमयाचा बाक". जगात तो मैत्रीचा बाक म्हणून ओळखला जातो. उपचाराच्या पायऱ्यांची नावंही शोनाच : आधी मन उघडायचं, मग उचलून धरायचं, मग बळ द्यायचं. प्रत्यक्षात काय, तर ऐकायचं, अडचणींची यादी करायची, त्यातली एक निवडायची आणि ती सोडवायला काय करता येईल ते त्याच माणसाकडून काढून घ्यायचं.

गोड कथा म्हणून सोडून देऊ नका, याची परीक्षाही झाली. २४ दवाखान्यांतल्या ५७३ लोकांवरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्याच १४ प्रश्नांच्या प्रश्नावलीवर सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांचे सरासरी गुण ३.८ वर आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांचे ८.९ होते. गुण जितके कमी तितका त्रास कमी.

पटेल यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९६ साली गोव्यात 'संगत' ही संस्था सुरू केली. गोव्याच्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिप्रेशन असलेल्या ४९५ लोकांवर अभ्यास झाला. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, शिकवून तयार केलेली स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी त्यांच्याकडे गेलेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते. नुसती नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

आणि हे आपल्या दारातही येऊन गेलं. 'विश्राम' नावाचा प्रकल्प आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, त्यांनी गावाच्या भाषेत बोलणं सुरू केलं. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातले जेमतेम चार लोक मदत मागत होते. नंतर ते २७ झाले. मी इथला पत्रकार. या प्रकल्पाची एक नीट बातमी माझ्या हातून झाली नाही. कांद्याच्या भावाची झाली, रस्त्याच्या खड्ड्यांची झाली. ही नाही.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. "संस्कृती समजून घ्या" याचा अर्थ जे चाललंय ते चालू द्या, असा होत नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडी इथं आग लागली आणि साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून गेले. श्रद्धेच्या ठिकाणी बरं वाटेल म्हणून घरच्यांनीच त्यांना तिथं ठेवलं होतं. साखळीला कोणाची संस्कृती म्हणायचं नसतं. लँबोंनी वैदूंना सोबत घेतलं, पण रुग्णाचा उपचार डॉक्टरच्या नजरेखाली ठेवला. लोकांची भाषा घ्यायची, त्यांचं हित सोडायचं नाही, ही रेघ कळली पाहिजे.

आणि "वेगळी संस्कृती" शोधायला आफ्रिकेत जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात मेळघाट आहे. धारणी-चिखलदऱ्याचा कोरकू माणूस घरात जी भाषा बोलतो ती मराठीची बहीणसुद्धा नाही, मुंडा कुळातली आहे. तो पहिल्यांदा भूमकाकडे जातो. त्याला तुमच्या-माझ्या मराठीतले चौदा प्रश्न विचारून काय हाती लागणार? आपण शुद्ध मराठीत विचारतो तेव्हा त्याच्यासाठी आपण ब्लिदातले दुभाषे असतो. तेच वीटभट्टीवर आलेल्या परप्रांतीय मजुराचं, तेच इथून पुण्याला गेलेल्या आपल्या पोरांचं. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं तिकडे समुपदेशकाला सांगितलं, "जीव लागत नाही." समोरच्यांना वाटलं प्रेमप्रकरण आहे.

म्हणून आशाताईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. फॅननना जो धडा शिकायला वर्ष लागलं, तो त्या एका वाक्यात विचारत होत्या. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "ताई, रजिस्टरमध्ये तेच लिहा, डोस्कं थांबत नाही. तिच्याच शब्दात लिहा. अन् पुढं डॉक्टरले वाचून दाखवा." त्या म्हणाल्या, "अन् डॉक्टर हासले तं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो की मग मला फोन करा, मी येतो सोबत.

तुमच्या घरात कोणी रात्र रात्र जागत असेल, "विचार थांबत नाही" म्हणत असेल, तर कर्ज किती हे नंतर विचारा. आधी शेजारी बसा. सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर पाठ करून ठेवा.

आणि एक काम करा. तुमच्या गावात, तुमच्या घरात या दुखण्याला काय म्हणतात ते कमेंटमध्ये लिहा. वऱ्हाडी, अहिराणी, कोरकू, बंजारा, जी भाषा असेल ती. मी ती यादी करून आशाताईंना आणि त्या डॉक्टरांना नेऊन देणार आहे. २००६ साली जे वहीत राहिलं, त्याची तेवढी तरी परतफेड.